वीस वर्षांनी सायकलवर : आधी माप, मग माल

सोलापुरातून अक्कलकोट रस्त्याने बाहेर पडले की यंत्रमागांची खडखड आणि एमआयडीसीतील टॉवेलचे कारखाने मागे पडतात आणि माळरान सुरू होते. त्या माळावर कुंभारी. मूळ गाव लहानच, पण आज त्याचे नाव निघते ते घरकुलांमुळे. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने विडी कामगार भगिनींसाठी इथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरांचा ताबा मिळाला. पुढे त्याच परिसरात रे नगर हा तीस हजार घरांचा प्रकल्प आला. त्यातील पहिली पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते लोकांना मिळाली. यंत्रमाग कामगार, हातमागवाले, विडी वळणाऱ्या भगिनी, फेरीवाले, चिंध्या-भंगार वेचणारे, वाहनचालक असे कष्टाने रोजी कमावणारेच त्यात आहेत आणि आपल्या समाजातील कुटुंबेही आहेत.

स्वतःचे घर मिळाले ही अल्लाहची मोठी मेहेरबानी. पण घर माळावर आले आणि काम शहरातच राहिले. पूर्वी अशोक चौकातला कामगार गल्लीतून चालत मागावर जायचा. आता त्याला दहा-बारा किलोमीटर यावे लागते. जाऊन-येऊन बावीस किलोमीटर धरा आणि महिन्याला पंचवीस दिवस काम धरा. साडेपाचशे किलोमीटर झाले. जुनी मोटारसायकल लिटरला पन्नास देत असेल तर अकरा लिटर पेट्रोल, म्हणजे आजच्या भावाने अकराशेच्या वर. तेलपाणी, टायर आणि विमा वेगळाच. माग चालवणाऱ्याच्या हातात महिनाअखेर जे उरते त्यात हा आकडा लहान नाही. म्हणून कुंभारीच्या बाजूला आम्ही फिरलो तेव्हा जी गोष्ट दिसली तिचे आम्हाला नवल वाटले नाही. चाळिशी-पन्नाशीतली माणसे पुन्हा सायकल शोधू लागली आहेत. कुणी गावाकडून बापाची काळी सायकल आणली आहे, कुणी पोराची रंगीत सायकल घेऊन निघाला आहे.

नवल वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. यातले बरेच जण महिना-दीड महिन्यात सायकल भिंतीला टेकवतात. विचारले तर एकच उत्तर मिळते, "गुडघे गेले भाई, आता वय नाही राहिले." आम्ही चौकशी केली, चार-पाच सायकली स्वतः मोजून पाहिल्या, आणि आमचे मत असे झाले की वयाला फुकट बोल लावला जातो. दोष मापाचा आहे.

हे आम्ही स्वतःच्या पदरच्या अनुभवाने लिहितो. आम्ही लहानपणी सायकल शिकलो ती तासाच्या भाड्याने घेतलेल्या सायकलीवर, मधल्या दांडीखालून पाय घालून. त्या काळी सोलापूर हे सायकलींचे शहर होते. गिरणीचा भोंगा वाजला की जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी यांच्या दारातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा. सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा आणि रात्री दिवा नसला की पोलीसदादा चाकातली हवा सोडायचे. भोंगे बंद झाले, आमच्या घरी मोटारसायकल आली आणि सायकल माळ्यावर गेली. ती वीस वर्षे तिथेच होती. मग डॉक्टरांनी साखरेचा आकडा दाखवला आणि आम्ही घाईघाईने एका दुकानात गेलो.

दुकानदाराने आमचे वय विचारले नाही, उंची विचारली नाही, रोज किती जाणार तेही विचारले नाही. जाड टायरची, पुढे-मागे स्प्रिंगांची, अठरा गिअरची चकचकीत सायकल पुढे केली. आम्हीही भुललो. खरे सांगायचे तर मोहल्ल्यात मिरवायचा मोह होताच. तिसऱ्या आठवड्यात उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखू लागले. जाड खाचांचे टायर डांबरी रस्त्यावर गुरगुरत होते, निम्मी ताकद स्प्रिंगा दाबण्यात जात होती आणि सीट इतके खाली होते की पायंडल मारताना गुडघा छातीकडे यायचा. सहा महिन्यांनी ती सायकल निम्म्या किमतीला गेली. त्या दुकानदाराचे नाव आम्ही छापत नाही. त्याने फसवले नाही, फक्त विचारले नाही.

पुढे विजापूर वेशीकडच्या एका जुन्या मिस्त्री चाचांनी आमचा घोटाळा पाच मिनिटांत सांगितला. ते म्हणाले, "भाई, सदरा शिवायला टाकता तेव्हा टेलर गळा मोजतो, छाती मोजतो, बाही मोजतो. सदरा दोन तास अंगावर राहतो. सायकलीवर रोज दोन तास बसणार आणि माप कुणी घेतले?" सोलापूरच्या टेलरकामाचे आणि गणवेशाच्या धंद्याचे नाव सगळीकडे आहे. आपल्यापैकी कितीतरी घरांत फीत आहे, पण ती सायकलीला लावायची बुद्धी कुणाला होत नाही.

तर माप कसे घ्यायचे ते आधी सांगतो.

चप्पल काढून भिंतीला पाठ लावून उभे राहा. दोन्ही पायांमध्ये एक जाड पुस्तक किंवा वही धरा आणि सीटवर बसल्यासारखी वर घट्ट दाबा. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतची उंची इंचात मोजा. ही झाली पायाची आतली उंची. जुन्या कारागिरांचा ठोकताळा असा की या उंचीतून नऊ ते दहा इंच वजा केले की काळ्या सायकलीच्या फ्रेमचे माप मिळते. पाय तीस इंच असेल तर फ्रेम वीसची. आपल्याकडे मात्र पुरुषाची सायकल म्हटले की बावीसची, हा जणू कायदाच झाला आहे. सव्वापाच फुटांचा माणूस बावीसच्या फ्रेमवर चढतो, सिग्नलला उतरताना दांडीवर आपटतो, आणि पाय पुरावा म्हणून सीट पार खाली बसवतो. फ्रेम मोठी आणि सीट खाली, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. बाजारात वीस इंचाची फ्रेमही मिळते, दुकानदाराला ती मागावी लागते. दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभे राहिल्यावर मध्ये निदान एक-दोन इंच जागा उरली पाहिजे.

दुसरे माप सीटच्या उंचीचे, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचे हेच. एका हाताने भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसा, पायंडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे, पण कमर एका बाजूला झुकता कामा नये. आता टाचेऐवजी चवडा ठेवा. गुडघ्यात थोडा बाक येईल, तोच योग्य. आकड्यातच हवे असेल तर पायाच्या आतल्या उंचीला ०.८८ ने गुणा. तीस इंचाच्या पायाला साडेसव्वीस इंच आले. पायंडलच्या मधल्या धुरीपासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढे अंतर ठेवा. एवढे वर बसल्यावर थांबताना दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकणार नाहीत, चवडे टेकतील किंवा सीटवरून पुढे उतरावे लागेल. वीस वर्षांनी बसणाऱ्याला याचीच भीती वाटते. म्हणून पहिले आठ दिवस सीट एक इंच खाली ठेवा, तोल आला की वर घ्या. पण वर घ्यायचे विसरू नका, कारण लोक तिथेच चुकतात.

दुखणे कुठे आहे यावरूनही मिस्त्री चूक ओळखतो. गुडघ्याच्या पुढून दुखले तर बहुधा सीट खाली आहे, गुडघ्याच्या मागून दुखले तर सीट जास्त वर आहे. तळहात बधिर होत असतील तर अंगाचा भार हातावर येतो आहे, सीटचे नाक खाली झुकले आहे का ते पाहा. सीट पाण्याच्या लेव्हलने सपाट लावावे. सीटच्या दांडीवर कमीत कमी किती आत राहावी याची खूण असते. ती खूण बाहेर दिसू लागली तर दांडी मोडू शकते, तेव्हा लांब दांडी घ्या. चार पैशांची वस्तू आहे.

आता शरीराचे बोलू. बरीच वर्षे बंद ठेवलेला माग कुणी पहिल्याच दिवशी पूर्ण वेगाने चालवत नाही. तेलपाणी करतो, हाताने फिरवून पाहतो. देहाचेही तसेच आहे. सायकल सुरू केल्यावर दम दोन-तीन आठवड्यांत सुधारतो, मांडीचे स्नायूही लवकर जागे होतात. पण स्नायूला हाडाशी बांधणारे दोर, म्हणजे कंडरा, सावकाश तयार होतात. त्यांना महिने लागतात. माणसाला वाटते आता जमते, तो पहिल्याच महिन्यात जोर लावतो, आणि दोर कुरकुरतात. पहिल्या आठवड्यात दिवसाआड तीन-चार किलोमीटर, वसाहतीतल्या वसाहतीतच. दुसऱ्या आठवड्यात पाच-सहा. कामाला जाण्याचा विचार एक महिन्यानंतर, आणि तोही आधी आठवड्यातून दोन दिवस. उरलेले दिवस बस किंवा शेअर रिक्षा आहेच. छातीचे दुखणे, रक्तदाब, मधुमेह असेल तर डॉक्टरला विचारूनच बसावे. मधुमेहाच्या रुग्णाने सपाता घालून पायंडल मारू नये, बंद बूट घालावेत. पायाची लहानशी जखम त्याला महागात पडते.

इथे एक दूरचे उदाहरण द्यावेसे वाटते. आपल्याकडे थंडीत शाली विकायला काश्मिरी बंधू येतात. त्यांच्या मुलखात गुलमर्गला बर्फावरून घसरण्याचा स्कीइंगचा खेळ चालतो, सरकारी शिक्षण संस्थाही तिथे आहे. हा खेळ तरुणपणी खेळलेला माणूस वीस वर्षांनी परत आला तर जाणकार त्याला सांगतात की पट्ट्या भाड्याने घे, आधी बूट बघ. बूट पायाला बसला नाही तर बाकीचे सामान कितीही भारी असले तरी व्यर्थ. बुटाला पट्टीशी जोडणारा खटका असतो, माणूस पडला की तो सुटावा म्हणून. तो किती घट्ट ठेवायचा हे वजन, उंची, बुटाच्या तळव्याची लांबी, खेळण्याची पद्धत आणि वय पाहून तक्त्यावरून ठरवतात. पन्नाशी गाठलेल्यासाठी तक्त्यातच एक पायरी सैल धरली आहे. ज्या धंद्यात ग्राहकाचे वय विचारून माल लावला जातो, त्या धंद्यात ग्राहक टिकतो. सायकलीच्या दुकानात वय विचारले जाते ते फक्त मुलांच्या सायकलीसाठी.

कुठली सायकल घ्यावी, हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जातो. कुंभारी ते सोलापूर या रुंद चौपदरी रस्त्यासाठी आणि रोजच्या कामासाठी आमचे मत साध्या काळ्या सायकलीच्या बाजूचे आहे. किंवा बारीक टायरची, स्प्रिंग नसलेली, सहा-सात गिअरची हलकी सायकल. स्प्रिंगांची जाड सायकल डोंगरातल्या वाटांसाठी असते. आपल्याकडे डोंगर कुठला?

काळी सायकल जड, हे खरे. सामानासह वीस किलोच्या आसपास भरते. पण तिचे गुण धंदेवाल्याने ओळखावेत. मद्रासला १९४९ मध्ये टी.आय. सायकल्स, सोनिपतला १९५१ मध्ये अ‍ॅटलस, लुधियानात १९५६ मध्ये हिरो असे कारखाने निघाले आणि सगळ्यांनी जवळजवळ एकाच मापाची गाडी बनवली. अठ्ठावीस इंची चाक, दीड इंची टायर, तोच चिमटा, तेच छर्रे, तीच कॉटर पिन. अ‍ॅटलसने साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद केला, आणि तो दिवस नेमका जागतिक सायकल दिनाचा होता. तरीही जुन्या अ‍ॅटलसला सुट्या भागांची अडचण नाही, कारण दुसऱ्याचा भाग तिला बसतो. वळसंगच्या बाजारातही ती दुरुस्त होते. गिअरच्या भारी सायकलीचा एक खटका मोडला तर पुण्याहून मागवावा लागतो.

ओझे नेणाऱ्यांनी तारांकडे लक्ष द्यावे. जुन्या पद्धतीच्या काळ्या सायकलीला पुढच्या चाकात ३२ आणि मागच्या चाकात ४० तारा असतात, कारण भार मागे असतो. टॉवेलची गठडी, दुधाचे कॅन, भाजीची पाटी नेणाऱ्याने मागचे चाक चाळीस तारांचेच ठेवावे. शौकीन सायकलींना छत्तीस किंवा त्याहून कमी असतात, ओझ्याने तारा तुटू लागतात आणि चाक आऊट होते.

परतणाऱ्या माणसाला काळी सायकल जड जाते त्याचे खरे कारण वजनापेक्षा दात्यांत आहे, आणि हे कुणी सांगत नाही. समजा पुढच्या चेनचाकाला ४४ दाते आहेत आणि मागच्या फ्रीव्हीलला १८. पायंडलच्या एका फेरीत सायकल जवळपास साडेपाच मीटर पुढे जाते. विशीतल्या पोराला हे ठीक आहे. पण मागे १८ ऐवजी २२ दात्यांचे फ्रीव्हील बसवले की एका फेरीत साडेचार मीटर जाते आणि पायावरचा जोर त्या प्रमाणात कमी होतो. वेग थोडा कमी होईल, पण पाय मिनिटाला साठ-सत्तर फेऱ्या सहज मारतील. जोर लावून सावकाश मारण्यापेक्षा हलके आणि भराभर मारणे गुडघ्याला मानवते. फ्रीव्हील बदलणे अर्ध्या तासाचे काम आहे, फक्त चेनच्या दोन-चार कड्या वाढवाव्या लागतात. आमच्या सायकलीत चाचांनी हेच केले. नव्या सायकलीपुढे त्याचा खर्च अगदीच किरकोळ.

माळ्यावरची जुनी सायकल काढणार असाल तर टायरपासून सुरुवात करा. वर नक्षी चांगली दिसली तरी बाजूच्या रबराला बारीक भेगा असतील तर टायर गेला, हवा भरल्यावर रस्त्यात फुटेल. हवा किती भरायची ते टायरच्या बाजूवर छापलेले असते, अंगठ्याने दाबून अंदाज करू नका. कमी हवेने ट्यूब रिमखाली चेमटते आणि जोर वाया जातो. चेन मोजायची रीत सोपी आहे. चोवीस कड्या फुटपट्टीवर बरोबर बारा इंच भरल्या पाहिजेत. एक अष्टमांश इंच जास्त भरल्या तर चेन झिजली आणि तिने दातेही खाल्ले असणार. ब्रेकचे रबर दगडासारखे कडक झाले असेल तर चारही बदला. दांडीचे ब्रेक पावसात ओल्या चकचकीत रिमवर धरत नाहीत, म्हणून पावसाळ्यात आधीपासून हलके दाबून रिम पुसून घ्यायची सवय ठेवा. सगळे छर्रे धुऊन नवे ग्रीस भरून घ्या.

सेकंडहँड घेताना हँडलखाली, जिथे दोन दांड्या मिळतात, तिथला रंग पाहा. रंगाला सुरकुती किंवा तडा असेल तर फ्रेम वाकलेली किंवा चिरलेली आहे. पायंडलच्या धुरीखाली किंवा सीटच्या दांडीजवळ फ्रेमचा नंबर ठोकलेला असतो. तो घासलेला दिसला तर उलट पावली फिरा. विकणाऱ्याकडून नंबरासह पावती घ्या. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे दीनमध्ये हराम आहे आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे गुन्हाही आहे. नवी घ्यायची असेल तर एक बातमी धंद्याच्या पानावर नोंदवली पाहिजे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. बिल पाहून घ्या, दर उतरला का ते विचारा. हप्त्याने घेणाऱ्यांनी कागद नीट वाचावा. "शून्य व्याज" म्हणून फाईल चार्जमध्ये व्याज दडवलेले असते. मोहल्ल्यातल्या बिनव्याजी पतपेढीकडे किंवा ओळखीच्या दुकानदाराकडे दोन-तीन हप्ते मागणे बरे.

बॅटरीच्या सायकलीबद्दलही विचारणा होते. मोटर पाव किलोवॅटपेक्षा कमी ताकदीची आणि वेग ताशी पंचवीस किलोमीटरपेक्षा कमी असेल तर कायद्याने ती मोटार वाहन धरली जात नाही, लायसन-नोंदणी लागत नाही. साठीच्या वरच्यांना ती उपयोगी. पण बॅटरी पाच-सात वर्षांत बदलावी लागली तर केवढ्याला पडेल ते आधी विचारून घ्या. पाय चालत असतील तर घाई करू नये.

आपल्या भगिनींचा विषय इथे लिहिलाच पाहिजे. कुंभारीच्या वसाहतीची मालकीणच मुळी विडी वळणारी बाई आहे. पाने आणि तंबाखू आणायला, वळलेल्या विड्या द्यायला तिला जावे लागते, मुलीला शाळा-कॉलेजला जायचे असते. दांडी नसलेली सायकल घ्या, पूर्ण चेनकव्हर आणि मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी लावूनच घ्या. बुरखा, ओढणी, साडी चाकात जाऊन पडल्याच्या घटना काही नव्या नाहीत. दुकानदार जाळी "नंतर लावू" म्हणतो. ती लावल्याशिवाय पैसे देऊ नका. पुरुषांनीही पायजम्याला क्लिप लावावी आणि गळ्यातला टॉवेल घट्ट खोचावा.

अक्कलकोट रस्त्याचे स्वतःचे दोन गुण आहेत, ते जाणाऱ्याला ठाऊक हवेत. सोलापूर हे कुंभारीच्या वायव्येला. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे सकाळी कामाला जाताना तोंडावर आणि संध्याकाळी घरी येताना पाठीवर. जून-जुलैत सकाळी पंधरा मिनिटे लवकर निघा आणि वाऱ्याशी भांडू नका. वेग दुप्पट करायला गेले तर वाऱ्याचा अडथळा चौपट होतो. दुसरे उन्हाचे. सकाळी पूर्वेचा सूर्य तुमच्या पाठीशी आणि संध्याकाळी पश्चिमेचाही पाठीशीच. तुम्हाला बरे वाटते, पण समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत ऊन असते. तो उजवीकडे वळताना तुम्हाला पाहतोच असे नाही. त्या वेळी पांढरा किंवा पिवळा सदरा घाला, पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. हेल्मेट घ्यायचे तर ते भुवयांच्या वर दोन बोटे बसले पाहिजे. आतला फोम एकदाच मार खातो, पडल्यावर नवे घ्यावे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. फजरची नमाज झाली की लगेच निघावे, दुपारच्या पाळीला जाणाऱ्याने बस धरावी. रमजानमध्ये रोजा ठेवून उन्हात बावीस किलोमीटर मारण्याचा हट्ट नको. सराव तुटू नये म्हणून इफ्तारनंतर थोडे फिरले तरी पुरे.

आता धंद्याचे. २०११ च्या जनगणनेत देशातल्या ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. सायकल दुरुस्तीत आपल्या समाजाचे हात पूर्वीपासून आहेत. "पंक्चरवाला" म्हणून कुणी हिणवतो, तेव्हा आमच्या मनात येते की चाळीस तारांचे चाक हाताने विणून आऊट काढणारा माणूस काय साधा कारागीर आहे? पण त्यानेही आपले काम पंक्चरपुरते आखडून घेतले आहे, हेही लिहायला हवे. कुंभारीच्या बाजूला आम्हाला पंक्चर काढणारे भेटले, माप घेणारा एकही भेटला नाही. चाळीस हजार घरांच्या आराखड्याच्या जागी एका फितीची, तारांच्या चावीची, फ्रीव्हील काढण्याच्या पान्याची, मीटर लावलेल्या पंपाची आणि १८, २०, २२ दात्यांच्या डझनभर फ्रीव्हीलांची एवढीच पुंजी घेऊन कुणी बसला, ग्राहकाला भिंतीशी उभे करून पाय मोजला, त्याचे माप वहीत लिहून ठेवले आणि त्याचे वेगळे दाम सांगितले, तर लोक देतील असे आम्हाला वाटते. टेलरला शिलाई देतोच की आपण. महिन्याने परत बोलावून सीट वर घेणे आणि तारा ताणणे त्याच पैशांत करावे. नव्या चाकाच्या तारा पहिल्या महिन्यात सैल पडतातच, आणि ग्राहकाला वाटते माल खराब.

एक यंत्रमाग कामगार बंधू, वय अठ्ठेचाळीस, रे नगरला राहायला आलेले, आमच्याबरोबर चाचांकडे आले होते. बावीसची काळी सायकल, सीट तळाला, मागे अठरा दाते, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. फ्रेम बदलणे परवडणारे नव्हते. चाचांनी सीट तीन बोटे वर घेतले, फ्रीव्हील बावीसचे टाकले, हँडल थोडे वर ओढले आणि सांगितले की पंधरा दिवस हौदापर्यंत जाऊन परत या, कामावर जाऊ नका. ते दोन महिन्यांनी पुन्हा आले तेव्हा पट्टे नव्हते. आठवड्यातले चार दिवस सायकलीने येतो म्हणाले, पावसाचे दिवस सोडून. मग खिशातून एक नाडा काढून त्यांनी चाचांपुढे धरला. नाड्याला गाठ मारलेली होती. "बेगमच्या पायाचे माप आहे," ते म्हणाले, "विड्या घेऊन जायला तिला पाहिजे. बिगर दांडीची, जाळीवाली." चाचांनी नाडा फितीवर ठेवून मोजला, सत्तावीस इंच भरला, आणि आत पोराला आवाज दिला की अठराची लेडीज कुठली आली आहे का ते बघ.